ग्रहांच्या दिवसाची लांबी काढताय? या चुका टाळा

एका पुस्तकात बुधाचा दिवस पृथ्वीच्या ५९ दिवसांचा दिलेला असतो, दुसऱ्यात १७६, आणि मग वाटतं कुणाचं तरी चुकलंय. तसं नाहीये, दोन्ही आकडे बरोबर आहेत. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो म्हणून आधी हेच नीट बघू.

ताऱ्यांच्या हिशोबाने ग्रहाची स्वतःभोवती एक फेरी पूर्ण होते तो नाक्षत्र दिवस, आणि सूर्य डोक्यावर आल्यापासून परत डोक्यावर येईपर्यंतचा वेळ म्हणजे सौर दिवस. ग्रह फिरता फिरता सूर्याभोवती पुढेही सरकत असतो ना, त्यामुळे सूर्य परत समोर यायला त्याला थोडं जास्त फिरावं लागतं. पृथ्वीवर हा फरक जेमतेम ४ मिनिटांचा, २३ तास ५६ मिनिटं आणि २४ तास, म्हणून तो जाणवतच नाही. बुधाचं मात्र वर्षच ८८ दिवसांचं आणि एक फेरी ५८.६५ दिवसांची, म्हणजे दोन वर्षांत तीन फेऱ्या आणि तेवढ्या वेळात सूर्योदय फक्त एकदा! मला तर अख्ख्या सूर्यमालेत यापेक्षा भारी हिशोब दिसत नाही.

स्वतः करून बघायचं असेल तर १ ला फेरीच्या काळाने भागा, १ ला वर्षाने भागा, पहिल्यातून दुसरं वजा करा आणि जे येईल त्याने परत १ ला भागा. बुधासाठी १७६ च्या आसपास यायला हवं. शुक्रासाठी उत्तर विचित्र येतंय? मग तुम्ही वजाबाकी केलीये. शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे तिथे बेरीज करायची, फेरीचे २४३ आणि वर्षाचे २२४.७ दिवस घेऊन करा, साधारण ११७ दिवस येतील.

दुसरी चूक म्हणजे नियम शोधत बसणं. सूर्याजवळचे हळू, लांबचे जोरात, असं वाटतं खरं, पण मंगळाची फेरी २४ तास ३७ मिनिटांची म्हणजे जवळपास पृथ्वीएवढीच, गुरूची १० तासांच्या आत आणि त्याच्याही पलीकडच्या युरेनसची १७ तासांच्या वर, मग अंतराचा नियम राहिला कुठे? आकाराचाही नाही चालत. पृथ्वी आणि शुक्र जवळजवळ सारख्याच आकाराचे आणि तरी एकीकडे २४ तास, दुसरीकडे २४३ दिवस.

खरं कारण प्रत्येक ग्रहाच्या इतिहासात आहे. ज्या वायू-धुळीतून ग्रह बनले ती आधीच फिरत होती, ते फिरणं ग्रहांकडे आलं, नंतर मोठमोठ्या टकरींनी कुणाचा वेग बदलला तर कुणाचा अक्षच कलला, आणि त्यानंतर भरती-ओहोटीचं बल, म्हणजे सूर्य किंवा चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाची ग्रहावरची असमान ओढ, हळूहळू ब्रेक लावत राहिलं. बुधाला सूर्याने असंच मंदावलं. शुक्राच्या बाबतीत त्याच्या दाट वातावरणाचाही हात आहे असं मानतात.

दिवस कायमचा ठरलेला असतो हेही धरू नका. चंद्रामुळे पृथ्वीचा दिवस शतकाला साधारण २ मिलिसेकंदांनी वाढतोय. ऐकायला काहीच नाही वाटत, पण १९६३ मध्ये जीवाश्म-अभ्यासक जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या (सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या, रोज एक अशा पडणाऱ्या बारीक वाढरेषा मोजल्या तर वर्षाला सुमारे ४०० आल्या, म्हणजे वर्षात ४०० दिवस आणि तेव्हा दिवस २२ तासांच्या आसपासचा होता.

आणि शनीचे आकडे जुळत नसतील तर छपाईची चूक समजू नका. तिथे खूण करायला घट्ट जमीनच नाही, ढगांचे पट्टे वेगवेगळ्या वेगाने फिरतात, आणि चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षाशी इतका जुळलेला की त्यावरूनही फेरी नीट मोजता येत नाही. व्हॉयेजर यानाच्या वेळचा आकडा १० तास ३९ मिनिटांचा होता, मग २०१९ मध्ये कॅसिनी यानाने पाहिलेल्या शनीच्या कड्यांमधल्या लाटांवरून १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंद निघाले. सध्या हाच धरा.