कॅटकॉन बदलायच्या आधी हे बघा: पेट्रोल आणि हायब्रिड गाडीच्या धुराची निगा

चेक इंजिन लाइट लागला, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला आणि पी०४२० कोड आला की बहुतेक जण लगेच नव्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे कॅटकॉनची, सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसवलेल्या धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याची किंमत शोधायला लागतात. जरा थांबा. कॅटकॉन पाहिजे तेवढं काम करत नाहीये असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय एवढाच त्या कोडचा अर्थ आहे, ते कशामुळे हे कोड सांगत नाही, आणि कॅटकॉन आपणहून फार क्वचित खराब होतो, बहुतेक वेळा त्याच्या आधी इंजिनात काहीतरी बिघडलेलं असतं. ते शोधलं नाही तर नवीन बसवलेलाही तसाच जाणार.

आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असलेली सिरॅमिकची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यातून जाताना त्यांचं कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधा नायट्रोजन होतो. पण त्यासाठी वीट साधारण २५० ते ३०० अंशांच्या वर तापलेली लागते आणि मिश्रण वजनानं १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल याच्या आसपास लागतं. पुढचं सगळं या दोन गोष्टींवरच फिरतं.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मिसफायर. प्लग किंवा कॉइल गेली की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरकडे जातं आणि कॅटकॉनच्या आत पेटतं, मग वीट इतकी तापते की चक्क वितळते. म्हणून चेक इंजिन लाइट नुसता लागलेला असणं वेगळं आणि तो लुकलुकणं वेगळं, लुकलुकत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी गाडी थांबवा आणि टो करून न्या, "घरापर्यंत जाईल की" असं करू नका. तेवढ्या अंतरात कॅटकॉन कायमचा जाऊ शकतो. प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरलाच बदला, गाडी अजून व्यवस्थित चालतेय म्हणून पुढे ढकलू नका. वीट फुटली आहे का हे बघायचं असेल तर गाडी पूर्ण थंड झाल्यावर कॅटकॉनवर मुठीनं हलकं ठोका, आत खुळखुळ वाजलं तर फुटली.

दुसरं कारण धुराच्या पाइपमधलं लीकेज, आणि हे फार लोकांच्या नजरेतून सुटतं. माझ्या गाडीला पी०४२० आला तेव्हा सरळ कॅटकॉन बदला असं सांगण्यात आलं होतं, मी दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी चालू केली आणि वाकून ऐकलं तर बारीक टकटक येत होती जी गरम झाल्यावर बंद व्हायची, टॉर्च मारल्यावर पुढच्या पाइपच्या फ्लँजला (बोल्टनं आवळलेल्या जोडाला) गॅस्केटच्या कडेनं नखाएवढा काजळीचा काळा फराटा दिसला. गॅस्केट आणि दोन गंजलेले बोल्ट बदलले, कोड परत आला नाही. होतं काय, धूर धक्क्याधक्क्यानं बाहेर पडतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते आणि तो चुकीचं सांगतो.

सेन्सर स्वतः तपासणं अवघड नाही. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा, इंजिन पूर्ण गरम करा. जुन्या प्रकारचा पुढचा, म्हणजे कॅटकॉनच्या आधीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो (नव्या गाड्यांत पुढे एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याचं वाचन असं नाचत नाही). कॅटकॉनच्या मागचा मात्र एकसारख्या वेगात ०.६ ते ०.७ च्या आसपास स्थिर पाहिजे. तोही पुढच्यासारखा नाचायला लागला आणि लीकेज नाहीये हे नक्की झालं असेल, तरच कॅटकॉनवर संशय घ्या. लाँग टर्म फ्युएल ट्रिमही (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघा, अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर कुठूनतरी जास्तीची हवा येतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय.

ऑइल कमी होत असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ते आधी दुरुस्त करा, ऑइलमधला फॉस्फरस त्या मौल्यवान थरावर बसत जातो आणि तो धुऊन निघत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच नव्या गाड्यांत काजळी अडवणारा पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर असतो, तिथे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचं ऑइलच टाका. थंडीत सुरुवातीला येणारी पांढरी वाफ आणि थेंब थेंब पाणी याची काळजी नको, गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर कूलंट बघा. आणि पेट्रोल भरताना नोझल एकदा टक करून बंद पडलं की वर अजून भरायला लावू नका, पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये पातळ पेट्रोल गेलं की तो निकामी होऊ शकतो.

आता हायब्रिड. इंजिन कमी चालतं म्हणून निगा कमी लागेल असं वाटतं, पण इथे इंजिन परत परत बंद होतं, कॅटकॉन थंड पडतो, सायलेन्सरमध्ये पाणी साचून गंज धरतो आणि छोट्या फेऱ्यांमध्ये ऑइलमध्ये ओलावा आणि पेट्रोल उतरतं. बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू करताच इंजिन सुरू झालं तर बरेचदा ते कॅटकॉन तापवण्यासाठीच असतं, बिघाड समजू नका. आठवड्यातून एकदा २०-३० मिनिटं सलग, इंजिन चालेल अशा वेगात गाडी न्या. प्लग-इन (बाहेरून चार्ज होणारी हायब्रिड) असेल तर टाकीत महिनोन्महिने तेच पेट्रोल ठेवू नका, कमी भरा आणि संपवत राहा. ऑइल किलोमीटर झाले नसले तरी महिन्यांच्या हिशोबानं बदला. आणि एक अगदी कळकळीनं सांगतो, बंद गॅरेजमध्ये हायब्रिड चालू ठेवून जाऊ नका, आवाज नसतो म्हणून बंद आहे असं वाटतं आणि इंजिन मागाहून आपोआप सुरू होतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुरुस्ती झाल्यावर कोड क्लिअर करून लगेच धुराच्या तपासणीला जाऊ नका, क्लिअर केल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे काही दिवस शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर मिसळून चालवा, स्कॅनरवर रेडिनेस (या चाचण्या झाल्याची खूण) पूर्ण दिसला की मग जा.