लिपिड प्रोफाइलचा अहवाल कसा वाचावा

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातील स्निग्ध पदार्थांच्या तपासणीचा, अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर एकूण कोलेस्टेरॉलच्या ओळीवर थांबते, आणि तो आकडा २०० च्या वर दिसला की त्याच दिवसापासून घरात अंडी बंद होतात. अहवाल असा वाचू नये. कोलेस्टेरॉल हे मुळात शरीराच्या गरजेचे द्रव्य आहे आणि त्याचे काम नीट समजले, तरच पुढच्या आकड्यांचा अर्थ लागतो.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ असून त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते. आहारातून येणारा वाटा त्या मानाने कमी असतो. प्रत्येक पेशीच्या आवरणाला योग्य तो घट्टपणा देणे, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन यांसारख्या संप्रेरकांना कच्चा माल पुरवणे आणि यकृतात पित्ताम्ले (स्निग्धांश पचवणारी पित्तातील द्रव्ये) बनण्यासाठी उपयोगी पडणे ही त्याची मुख्य कामे होत. त्वचेत उन्हाच्या साहाय्याने ड जीवनसत्त्व तयार होते, तेही कोलेस्टेरॉलच्याच एका पूर्वरूपापासून. मज्जातंतूंवरील वेष्टनातही ते भरपूर असते.

रक्त पाणीदार असल्यामुळे त्यातून कोलेस्टेरॉलला एकट्याने वाहता येत नाही. प्रथिनयुक्त कणांत बसूनच ते फिरते. एलडीएल हे कण ते ऊतींपर्यंत नेतात, तर एचडीएल हे कण जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्यास मदत करतात. रक्तात एलडीएल दीर्घकाळ जास्त राहिले, तर ते धमन्यांच्या अस्तरात शिरून साचते आणि हृदयविकाराची सुरुवात तिथे होते. यकृताच्या पेशींवरील ग्राहक (रिसेप्टर) हे एलडीएल कण रक्तातून उचलून घेतात. त्या ग्राहकांच्या शोधासंबंधीच्या कार्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तपासणीसाठी डॉक्टरांनी उपाशीपोटी येण्यास सांगितले असेल, तर ९ ते १२ तास काही खाऊ नये. साधे पाणी चालते, चहा मात्र नको. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातील चरबीचा दुसरा प्रकार, वाढतात, म्हणून ही खबरदारी. अंगात ताप असताना किंवा मोठ्या आजारातून नुकतेच उठल्यावर केलेली तपासणी फसवी ठरू शकते, कारण अशा वेळी कोलेस्टेरॉल तात्पुरते खाली येते.

आता दोन अहवाल शेजारी ठेवून पाहू. सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. पहिल्यात एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड्स २४०. दुसऱ्यात एकूण तेच २१०, पण एचडीएल ६२ आणि ट्रायग्लिसराइड्स ९०. अनेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण आकड्यातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून ते काढतात. त्या हिशेबाने पहिले एलडीएल १२४ आणि दुसरे १३० येते, म्हणजे वरवर पाहता पहिला अहवाल बरा वाटतो. परंतु एकूण आकड्यातून केवळ एचडीएल वजा केले, तर पहिल्यात १७२ आणि दुसऱ्यात १४८ उरतात. धमन्यांत साचू शकणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल या उरलेल्या आकड्यात येते, म्हणून पहिल्या व्यक्तीने अधिक सावध राहायला हवे. ही वजाबाकी प्रत्येकाने स्वतः करून पाहावी, असे मला मनापासून वाटते. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील, तर एलडीएलचे वरील गणित विश्वासार्ह राहत नाही. सर्वसाधारणपणे एलडीएल १०० च्या आत, ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत, आणि एचडीएल पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या वर असावे. मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास एलडीएलची मर्यादा याहून खाली असते आणि ती डॉक्टरच ठरवतात.

आहाराचा विचार करताना कोल्हापूरकरांनी खोबऱ्याकडे अवश्य लक्ष द्यावे. तांबड्या रश्श्याच्या वाटणातले सुके खोबरे आणि पांढऱ्या रश्श्यातले नारळाचे दूध यांत कोलेस्टेरॉल अजिबात नसते, पण खोबऱ्यातील स्निग्धांशाचा सुमारे ९० टक्के भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो, आणि संपृक्त स्निग्धांश यकृतावरील ग्राहकांचे काम मंदावून एलडीएल वाढवतात. मटणाची चरबी आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरील म्हशीचे सायीचे दूध यांतील संपृक्त स्निग्धांशही एलडीएल असेच वाढवतात. रस्सा सोडण्याची गरज नाही. वाट्या मोजाव्यात आणि वरचा कट बाजूला काढावा. तेलाच्या पिशवीवरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ या शब्दाला फारसे महत्त्व देऊ नये, कारण कोणत्याही वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतेच. याउलट घेवडा, डाळी, ओट्स आणि इसबगोल यांतील विद्राव्य तंतू पित्ताम्लांना आतड्यात धरून बाहेर नेतात, आणि नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृताला रक्तातून एलडीएल ओढावे लागते. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील, तर साखर, गूळ, मद्य कमी करणे आणि रंकाळा तलावाभोवती रोज झपाझप चालणे अधिक उपयोगी ठरते.

पथ्य पाळूनही एलडीएल १९० च्या वर राहत असेल, किंवा वडील वा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत अथवा आई वा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर दोष आनुवंशिक असू शकतो. अशा घरातील मुलांचीही तपासणी करावी. थायरॉइड मंदावल्यामुळेही एलडीएल वाढते, म्हणून डॉक्टर ती चाचणी सोबत सांगतात. स्टॅटिन गटातील गोळ्या यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती कमी करतात, त्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात उचलते. गोळी सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, आणि आकडा उतरलेला दिसला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये, कारण गोळी थांबताच यकृताची जुनी निर्मिती पुन्हा सुरू होते.