नागपूरहून लडाखला कॅराव्हॅन नेताय? आधी झोपायच्या जागा ठरवा

कॅराव्हॅनने लडाख म्हटलं की लोकांचे पहिले प्रश्न गाडीचेच असतात, किती जण झोपतील, संडास आतमधे आहे का, एसी आहे का. आम्हीपण पहिल्या वेळी हेच विचारत बसलो होतो. मग मनालीहून सकाळी निघालो, संध्याकाळी लेहच्या रस्त्यावरच्या सरचूला पोचलो, मोकळं माळरान, बाजूला नदी, म्हटलं घर सोबत आहे तर तंबूवाल्याला पैसे काहून द्यायचे, लावा इथंच गाडी. रात्री दोनला उंचीचा त्रास सुरू झाला, बाबा उठून बसले, डोकं फुटून राहिलं म्हणाले, पोरगी दोनदा ओकली, आणि खाली उतरू म्हटलं तर मागे बारालाचा ला, पुढे लाचुंग ला (ला म्हणजे खिंड), म्हणजे खाली जायलासुद्धा आधी वरच चढायचं. सरचू ४,२९० मीटरवर आहे आणि दोन्हीकडच्या खिंडी त्याहून उंच. ती रात्र कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी सांगतो, कागद घ्या आणि आधी रात्री लिहा, किलोमीटर नंतर. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार एवढंच. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही हा डॉक्टर लोकांचा नियम आहे, दिवसा उंच खिंड ओलांडली तर चालतं, झोपायला खाली यायचं. कॅराव्हॅनवाल्यांना हे जास्त सांगावं लागतं कारण हॉटेलवाला माणूस गावातच थांबतो, आपल्याला मात्र सूर्यास्त जिथं छान दिसला तिथंच थांबावंसं वाटतं.

या हिशोबाने जाताना मनालीचा रस्ता घ्यायचाच नाही, श्रीनगरकडून चढायचं. आणि आपलं नशीब असं की आपल्या वर्धा रोडवरून जाणारा एनएच ४४ च पुढे श्रीनगरला पोचतो. नागपूर ३१० मीटर, श्रीनगर साधारण १,५८५, कारगिल २,६८० च्या आसपास आणि लेह ३,५००, म्हणजे ३,००० च्या वरची वाढ ५०० चीच. मधे झोजी ला (३,५२८) आणि फोतू ला (४,१०८) लागतात पण त्या दिवसा ओलांडून पुढे निघायचं असतं. शरीराला वेळ मिळतो, म्हाताऱ्या माणसांना तर नक्कीच.

श्रीनगरपर्यंत पाच दिवस धरा, सागर, आग्रा, अंबाला, जम्मू, श्रीनगर. कारने लोक तीन दिवसात नेतात, नेऊ द्या. कॅराव्हॅनचा ॲव्हरेज स्पीड सपाटीवर ताशी ५० आणि घाटात २५ च्या वर धरू नका, आणि रात्री चालवायची नाही. मैदानात गाडीत झोपायचा हट्टही नको. जूनमधे आग्र्याला बंद गाडी म्हणजे भट्टी असते, आणि बाहेरून लाईट जोडल्याशिवाय एसी रात्रभर चालत नाही. हॉटेल घ्या ना बा, पैसे तिकडे वाचवू नका. श्रीनगरला दोन रात्री, कारगिलला एक, लेहला निदान तीन, त्यातला पहिला दिवस फक्त लोळायचं. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) सोबत ठेवा, डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का हे नागपुरातच आपल्या डॉक्टरला विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधीच सांगा. आणि डोकं दुखून उलटी झाली तर 'उद्या बघू' नाही, त्याच दिवशी खाली उतरायचं.

तारखांचं म्हणाल तर विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तेव्हा जूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत निघणं आपल्याला जमतं. पुढे अमरनाथ यात्रा सुरू झाली की श्रीनगर-कारगिल रस्त्यावरच्या सोनमर्ग-बालताल भागात गाड्या अडवून सोडतात, आणि पावसाळ्यात जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनकडे दरडी कोसळतात. तरी रोज सकाळी निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते विचारून घ्यायचं, विशेषतः झोजी ला, तिथं बऱ्याचदा एका वेळी एकाच दिशेने गाड्या सोडतात.

आता स्वयंपाक, कारण घरच्यांचा मूड यावर असतो. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, सरचूला त्याहून कमी. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणे टणकच, आमच्या आईने चमच्याने दाबून दाबून पाहिले आणि शेवटी गॅसलाच दोष दिला. कुकर न्या, डाळ आधी भिजवा, शिट्ट्या नेहमीपेक्षा जास्त घ्या. शेव-चिवड्याची पाकिटं वर जाता जाता फुग्यासारखी टम्म होतात, टाचणीने बारीक भोक पाडून डब्यात भरा नाहीतर कपाटात शेवेचा सडा. सिलिंडर प्रवासात बंदच ठेवायचा. आणि थंडी कितीही वाजली तरी झोपताना आत गॅस किंवा शेगडी पेटवून ठेवायची नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जाड रजई आणि गरम पाण्याची पिशवी घ्या, पुरते.

पाण्याची टाकी गावात भरून घ्या, पण ४,००० च्या वर झोपणार असाल तर रात्री पाईप मोकळे करून ठेवा, जूनमधेसुद्धा पहाटे बर्फ धरतो आणि नळाचा जोड तडकतो. संडासची टाकी ओढ्यात किंवा माळावर रिकामी करायची नाही, खालच्या गावाचं तेच प्यायचं पाणी असतं, मुक्कामाच्या जागी विचारून कॅम्पवाल्याच्या टाकीत टाका, थोडे पैसे द्यावे लागले तर द्या. त्सो मोरीरीसारख्या तळ्याच्या काठावर गाडी उतरवायची नाही. तिथं काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात, आणि वरून कोरडी दिसणारी माती चाकाखाली खचते, मग ट्रॅक्टर शोधत फिरा.

छोट्या गोष्टी पटापट सांगतो. बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीर-लडाखमधे चालत नाही, घरातला एक तरी नंबर पोस्टपेड पाहिजे. भाड्याची गाडी असेल तर लेहमधे उभी ठेवून फिरायला तिथलीच टॅक्सी करा, बाहेरच्या भाड्याच्या गाड्यांना स्थानिक टॅक्सीवाल्यांचा विरोध असतो. गाडीची उंची फूट-इंचात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, आमच्या छतावरचा व्हेंट अंबाल्याच्या एका पेट्रोल पंपाच्या शेडला घासून गेला तेव्हा हे सुचलं.

येताना मात्र मनालीकडून या. तोवर अंगाला उंचीची सवय झालेली असते, तांगलांग ला (५,३२८) आणि मोरे मैदान निवांत बघता येतं. लेह किंवा कारूला टाकी फुल करा, पुढे तांडीपर्यंत भरवशाचा पंप नाही असंच धरून चाला. तांडीनंतर ९ किलोमीटरचा अटल बोगदा आहे, त्यामुळे रोहतांग चढायची गरज नाही. आम्ही परत येताना त्याच सरचूच्या माळावर थांबलो, बाबा रात्रभर घोरत होते, आणि सकाळी उठल्यावर पहिलं विचारलं, तर्रीपोहे किती दिवसांनी मिळतील.