बी.एस्सी. ॲग्रीसाठी कर्ज किती काढायचं? हप्त्यावरून उलटा हिशोब

साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज बहुतेक बँका जमीन किंवा घर तारण न घेता देतात. पण बँक देते म्हणून तेवढं परवडतंच असं नाही. हिशोब दुसऱ्या टोकाकडून करा: पहिल्या नोकरीत महिन्याला किती हप्ता झेपेल आणि त्या हप्त्यात किती कर्ज बसेल.

सुरुवात पगारापासून. कॉलेजच्या माहितीपत्रकातलं ‘सर्वाधिक पॅकेज’ बाजूला ठेवा. त्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या अकरा जणांना एकच प्रश्न विचारा: दर महिन्याला खात्यात किती जमा होतात? ज्यांना नोकरी नाही त्यांचा आकडा शून्य धरा, त्यांना गाळू नका. आकडे चढत्या क्रमाने लावून सहावा घ्या. बियाणं, खतं, औषधांच्या कंपनीतला फील्ड ऑफिसर असेल तर पगार, टीए-डीए (प्रवास आणि दैनिक भत्ता) आणि इन्सेंटिव्ह वेगवेगळे लिहा आणि हिशोबात फक्त पगार धरा. टीए-डीए पेट्रोल आणि जेवणातच संपतो. इन्सेंटिव्ह टार्गेट आणि डीलरकडच्या वसुलीवर अवलंबून. पाऊस लांबला की तोही जातो. नोकरी कंपनीच्या रोलवर आहे, थर्ड पार्टीमार्फत आहे की खरिपापुरतीच, हेही विचारा.

सरकारी नोकरीच्या भरवशावर हप्ता ठरवू नका. बँकेतल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याचं सुरुवातीचं मूळ वेतन ४८,४८० रुपये आहे, पण त्यासाठी आयबीपीएस ही संस्था घेते त्या सामाईक बँक परीक्षेतल्या जागांसाठी देशभरातली मुलं बसतात. राज्याच्या कृषी विभागातल्या कृषी सेवकाला पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनच मिळतं. आणि वनस्पतीशास्त्रातली साधी बी.एस्सी. या बँक परीक्षेला चालत नाही, त्यासाठी कृषी किंवा संलग्न शाखेची चार वर्षांची पदवी लागते. खासगी विद्यापीठात प्रवेश घेत असाल तर अभ्यासक्रमाला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) मान्यता आहे का ते आधी तपासा, नाहीतर पुढे पदव्युत्तर प्रवेशाला अडचण येते.

आता आकडे मांडू. समजा सहावा आकडा १८,००० आला. खोलीभाडं ३,५००, मेस ३,५००, खिशातून जाणारं पेट्रोल, मोबाईल, कपडेलत्ते, औषधपाणी मिळून ३,०००, घरी ३,०००. उरले ५,०००. हाच तुमचा हप्ता.

१० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली तर एक लाखाला सुमारे १,३२२ रुपये हप्ता बसतो. म्हणजे ५,००० रुपयांत ३ लाख ७८ हजार बसतात. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ही रक्कम हप्ते सुरू होतानाची आहे, काढलेल्या कर्जाची नाही. चार वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. दरवर्षी सारखी रक्कम वर्षाच्या सुरुवातीला उचलली, तर पहिल्या वर्षाच्या पैशाला पाच वर्षांचं आणि चौथ्याला दोन वर्षांचं व्याज लागतं, सरासरी साडेतीन वर्षं. सरळ व्याजाने ३५ टक्के वाढ. म्हणून ३.७८ ला १.३५ ने भागा: २ लाख ८० हजार. वर्षाला ७० हजार. याच्यावरचा खर्च घरातून, शिष्यवृत्तीतून किंवा स्वस्त कॉलेजातून निघायला हवा.

आता सहा लाखांचं कर्ज बघा. हप्ते सुरू होताना ते ८ लाख १० हजार झालेलं असतं. १० वर्षांसाठी हप्ता सुमारे १०,७००. मुदत १५ वर्षं केली तर हप्ता ८,७०० वर येतो, पण एकूण परतफेड पावणेतेरा लाखांवरून साडेपंधरा लाखांच्या पुढे जाते. १८,००० पगारात दोन्ही झेपत नाहीत.

कर्ज कमी करायची सगळ्यात मोठी संधी प्रवेशाच्या वेळी असते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार विद्यापीठांच्या सरकारी कॉलेजांत फी कमी असते, त्यामुळे पसंतीक्रम भरताना गावाजवळच्या खासगी कॉलेजाआधी ती टाका. शुल्क सवलतीसाठी प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ती जाते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह, मेस आणि सातव्या सत्रात प्रात्यक्षिकासाठी गावात राहायचा खर्च मात्र उरतोच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, तेव्हा एका सत्राची तजवीज हाताशी ठेवा. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदानात तुमचं कॉलेज बसतं का, हे बँकेत विचारा.

शिकताना व्याज भरता आलं तर नक्की भरा. सहा लाखांच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला १,२५० रुपयेच असतं, चौथ्यात ५,०००. पाच वर्षं भरलंत तर हप्ता १०,७०० ऐवजी ७,९३० वर येतो. अनेक बँका अशा वेळी व्याजदरात एक टक्का सूटही देतात. मंजुरीपत्रावर सही करण्याआधी दोन ओळी शोधा: शिक्षणकाळातलं व्याज सरळ की चक्रवाढ, आणि हप्ते नेमके कधीपासून.

हप्ते सुरू व्हायची ही तारीख एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना नडते. शिक्षणानंतरचं बिनहप्त्याचं सवलतीचं एक वर्ष संपलं की नोकरी असो वा नसो, हप्ता सुरू होतो. पुण्यातल्या खोलीचं भाडं आणि तो हप्ता एकाच वेळी घरून मागवावा लागतो. तयारी करायचीच असेल तर दोन वर्षांचे हप्ते आधीच हिशोबात धरा. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तर सवलत वाढवायचा अर्ज सवलत संपण्याआधी, लेखी द्या आणि पोच घ्या.

वडील सहकर्जदार असतात हे विसरू नका. तुमचा हप्ता थकला की त्यांच्या सिबिलवर नोंद होते आणि ट्रॅक्टरचं कर्ज किंवा पीककर्जाचं नूतनीकरण अडू शकतं. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. पहिला हप्ता चुकणार असं दिसताच शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. खातं नियमित असेपर्यंत शाखा व्यवस्थापकाला हे करणं खूप सोपं असतं.