चालू सर्व्हरमधून डिस्क, पॉवर सप्लाय काढायचाय? आधी हे वाचा

हॉट-स्वॅप (मशीन चालू असताना भाग बदलता येणं) आहे म्हणजे दिसेल ते ओढायचं असं नसतं हो. आधी मशीनला सांगायचं, मग हात लावायचा. मी हे नवीन असताना फटका खाऊन शिकलो. रेड ५ (डिस्क एकत्र जोडून, एक गेली तरी डेटा टिकवायची पद्धत) मधली एक डिस्क गेलेली, स्क्रीनवर स्लॉट ३ दाखवत होतं, मी डावीकडून तिसरी मोजली आणि काढली, तो सर्व्हर स्लॉट ० पासून मोजतो हे नंतर कळलं. रेड ५ ला एकच डिस्क गेलेली चालते, मी दुसरी काढली तीही चांगली, अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कचा संच) आडवा, रात्रभर बॅकअप रिस्टोर करत बसलो.

म्हणून स्लॉट मोजू नका, लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीबी वगैरे नावांवरही जाऊ नका, रीबूट झालं की ती बदलू शकतात. स्मार्टसीटीएल कमांडने डिस्कचा सिरियल नंबर काढा आणि जमत असेल तर लेडसीटीएल कमांडने त्या डिस्कच्या ट्रेचा लाइट ब्लिंक करून घ्या. ट्रे आत असताना सिरियल सहसा दिसत नाही, त्यामुळे सर्व्हर बसवतानाच शेवटचे ४ आकडे स्टिकरवर लिहून पुढे चिकटवलेत तर पुढचा माणूस दुवा देईल.

लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड असेल तर एमडीएडीएम कमांडमधून डिस्क आधी फेल, मग रिमूव्ह करा. रेड कार्ड असेल तर कार्डच्या युटिलिटीतून ऑफलाइन. मग लॅच उघडून ट्रे बोटभर बाहेर घ्या आणि अर्धा मिनिट थांबा. आतली प्लेट फिरतच असते, लगेच हातात घेतली तर भिंगरीसारखी मनगट वळवते, तेव्हा हातातून सुटली की संपलं. एसएसडीला हा प्रश्न नाही.

पॉवर सप्लायचं सोपंय, पण दुसऱ्याचा लाइट हिरवा आहे ना आणि त्याची केबल वेगळ्या पीडीयूला (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) गेलीय ना ते आधी बघा, आणि लोडही बघा, ७५० वॅटचे दोन आहेत आणि सर्व्हर ९०० खातोय तर एक काढला की सर्व्हर बसलाच. आधी केबल, मग लॅच.

रॅम, प्रोसेसर, बहुतेक कार्डं मात्र पूर्ण बंद करूनच. ओएसमधूनच शटडाऊन द्या, पॉवर बटण दाबून धरणं म्हणजे वायर उपटण्यासारखंच. बंद झाला तरी आत स्टँडबाय करंट असतो, त्यावर मॅनेजमेंट चिप (सर्व्हर लांबून सांभाळणारी) जागी असते, म्हणून दोन्ही केबल काढा (एकच काढणारे खूप आहेत), बटण १५ सेकंद दाबून धरा, बोर्डावरचा लाइट विझला की रिस्ट स्ट्रॅप (अंगातली स्टॅटिक वीज उतरवणारा मनगटाचा पट्टा) लावून मग झाकण उघडा.

बाहेरचा स्टोरेज बॉक्स असेल तर तो सगळ्यात शेवटी बंद करा. चालू करताना उलटं, आधी स्टोरेज, त्याचे लाइट स्थिर झाले की सर्व्हर. नाहीतर अर्ध्या डिस्क दिसतच नाहीत, मग रेड कार्ड फॉरेन कॉन्फिगचं (डिस्कवरची रेडची मांडणी, जी कार्डाला परकी वाटते) काय करू विचारत बसतं, आणि तिथे इम्पोर्टऐवजी घाईत क्लिअर (म्हणजे ती मांडणीच पुसणं) दाबणारा माणूस मी बघितलाय.