या चुका टाळा: तालुक्याच्या मैदानापासून जागतिक वीस वर्षांखालील अॅथलेटिक्स स्पर्धेपर्यंत

बेळगाव जिल्ह्याला धावण्याचे वेड नवे नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले आणि एकोणिसाव्या क्रमांकावर आलेले फडेप्पा दरेप्पा चौगुले याच मातीतले. आजही निपाणी, चिक्कोडी, खानापूर, अथणी या भागांत पहाटे पाच वाजता रस्त्याला लागले की सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे आणि त्यांच्या मागून दप्तराआधी बूट घालणाऱ्या शाळकरी मुली दिसतात. त्यांच्यात वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेपर्यंत जाण्याची कुवत असलेली मुले आहेत, असे अनेक वर्षे मुलांना पळायला शिकवल्यानंतर मी खात्रीने म्हणू शकतो. मात्र ही मुले वेगात कमी पडतात म्हणून नव्हे, तर बाराव्या-तेराव्या वर्षी घरात, शाळेच्या कार्यालयात आणि तालुक्याच्या मैदानावर झालेल्या चुकांमुळे मागे राहतात, आणि त्या चुका तेव्हाच दुरुस्त केल्या तर फारसा खर्चही येत नाही.

ही स्पर्धा १९८६ मध्ये अथेन्स येथे सुरू झाली आणि ती दर दोन वर्षांनी भरते. करोनामुळे २०२० ची नैरोबी येथील स्पर्धा तेवढी २०२१ मध्ये झाली. नीरज चोप्रा यांनी २०१६ मध्ये पोलंडमधील बिडगोश्च येथे ८६.४८ मीटर भाला फेकून वीस वर्षांखालील जागतिक विक्रम केला आणि हिमा दास यांनी २०१८ मध्ये फिनलंडमधील टांपेरे येथे ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, ते याच स्पर्धेत. एका प्रकारात एका देशाचे दोनच खेळाडू उतरू शकतात. म्हणजे संपूर्ण भारतातून दोन, हे आधी लक्षात घ्यावे. इथे कागदातली किंवा मोजमापातली ढिलाई खपत नाही.

जन्मतारखेची चूक

सर्वात जास्त नुकसान करणारी चूक मैदानावर होतच नाही. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी पालकांना तारीख आठवत नाही, गुरुजी वय पाहून १ जून लिहून मोकळे होतात, आणि पुढे ग्रामपंचायतीच्या नोंदीत निघालेली खरी तारीख वेगळीच असते. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलाच्या जन्मदाखल्यात आणि शाळेच्या रजिस्टरात चौदा महिन्यांचे अंतर निघाले. राज्य स्पर्धेच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले गेले आणि त्याची एन्ट्री तिथेच नाकारली गेली. त्याने काही लपवले नव्हते, त्याच्या घरच्यांनीही नाही. मीच ते कागद तीन वर्षे हाताळत होतो आणि एकदाही एकमेकांशी ताडून पाहिले नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

वीस वर्षांखालील गटाचा नियम स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय किती असेल यावर ठरतो, स्पर्धेच्या दिवशीच्या वयावर नव्हे. त्या दिवशी खेळाडू किमान सोळा आणि जास्तीत जास्त एकोणीस वर्षांचा असावा लागतो. अमेरिकेतील युजीन येथील २०२६ च्या स्पर्धेसाठी याचा अर्थ १ जानेवारी २००७ ते ३१ डिसेंबर २०१० या काळात जन्मलेली मुले असा होतो. पालक नेमके इथे गोंधळतात आणि ‘अजून वीस पूर्ण व्हायला चार महिने आहेत’ असे सांगतात. डिसेंबरात वीस पूर्ण होत असतील तर त्या वर्षी त्या गटाचे दार बंद झालेले असते.

काही जण जाणूनबुजून वय कमी लावतात. अशांना मी एवढेच सांगेन की लहान वयोगटांत डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासले जाते, आणि दोन वर्षांनी लहान मुलांना हरवून मिळवलेल्या पदकामुळे ज्याचे नाव यादीतून गेले तो मुलगाही आपल्याच शेजारच्या गावचा असतो.

उपाय करायचा तर सहावी-सातवीतच करावा. जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर आणि आधार ही तिन्ही एकत्र ठेवून तारीख आणि नाव ताडून पाहावे. जन्माची नोंदच झालेली नसेल आणि वर्ष उलटून गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणून तेही काम लवकर हाती घ्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर चुकीची तारीख छापली गेली की ती बदलणे फार कठीण होते.

आपल्या सीमाभागात नावाची एक वेगळी अडचण आहे. जन्मदाखला कानडीत असतो, शाळा मराठी माध्यमाची असते आणि पासपोर्ट इंग्रजीत निघतो. कानडी दाखल्यावर आडनाव आद्याक्षर होऊन नावापुढे बसते, मराठी शाळेत वडिलांचे नाव मध्ये येते, आणि दीक्षासारखे साधे नाव इंग्रजीत एके ठिकाणी एका ‘आय’ने तर दुसऱ्या ठिकाणी दोन ‘ई’नी लिहिलेले असते. व्हिसाच्या वेळी ही तीन नावे तीन वेगवेगळ्या व्यक्तींची ठरतात. म्हणून मुलीचे इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवून ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि स्पर्धेचा प्रत्येक अर्ज त्या पानावरून उतरवावा. आणखी एक गोष्ट सीमेवरच्या पालकांसाठी: सराव कोल्हापुरात किंवा गडहिंग्लजला केला तरी हरकत नाही, पण एकाच हंगामात मुलाला दोन राज्यांकडून उतरवू नये, राज्य बदलायचेच असेल तर रीतसर ना-हरकत पत्र घेऊन बदलावे.

घड्याळ, फीत आणि वारा

‘आमचा मुलगा शंभर मीटर १०.८ मध्ये पळतो’ असे सांगत पालक येतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो तो घड्याळ कोणाच्या हातात होते हा. हाताने घेतलेल्या वेळेत अंगठा पिस्तुलाच्या धुरानंतर दाबला जातो, म्हणून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना २०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवण्याची रीत आहे. १०.८ चे ११.०४ होतात. शिवाय हाताच्या घड्याळावर १०.७१ दिसले तरी ते नियमाप्रमाणे १०.८ असेच लिहायचे असते, आणि आपल्याकडे नेमके उलटे होऊन १०.७ लिहिले जाते. ज्या वेळेच्या भरवशावर वर्षभराचे नियोजन केले ती वेळच नसते, आणि मूल राज्याच्या सिंथेटिक ट्रॅकवर हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, बाहेर पडले की ‘दडपण आले’ असा निष्कर्ष काढला जातो. दडपण आलेले नसते. घरची वेळ चुकीची असते.

वाऱ्याचेही तसेच आहे. जून ते सप्टेंबर या काळात, नेमक्या शालेय स्पर्धांच्या हंगामात, बेळगावच्या पठारावर पश्चिमेचा वारा जोरात असतो. १०० व २०० मीटर, १०० व ११० मीटर अडथळा शर्यत, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त वारा पाठीशी असेल तर ती कामगिरी विक्रमासाठी धरली जात नाही. तालुक्याला वारामापक यंत्र नसते हे मान्य आहे, पण धावपट्टीच्या कडेला काठीला रिबन बांधून वाऱ्याची दिशा पाहणे आणि आलटून-पालटून दोन्ही दिशांनी चाचणी घेणे कोणालाही जमते.

उड्यांच्या बाबतीत एका जुन्या समजुतीचा उल्लेख केलाच पाहिजे. बुटाचा ठसा टेक-ऑफ रेषेपुढच्या प्लॅस्टिसिनवर (मऊ मातीसारख्या पट्टीवर) उमटला तरच फाऊल, असे अजूनही पुष्कळ शिक्षक शिकवतात. २०२१ च्या अखेरीपासून नियम बदलला आहे: उडी घेताना बुटाचा कोणताही भाग टेक-ऑफ रेषेच्या उभ्या पातळीपुढे गेला की फाऊल, ठसा उमटो वा न उमटो. ज्या मुलीने पाच वर्षे रेषेवर अंगठा तरंगवत उडी मारली तिच्या मोठ्या स्पर्धेतल्या तिन्ही प्रयत्नांना लाल झेंडा दिसतो. पात्रता फेरीत तीनच प्रयत्न असतात. नैरोबीला शैली सिंग यांनी लांब उडीत ६.५९ मीटर उडी मारून रौप्यपदक मिळवले आणि सुवर्ण ६.६० मीटरला गेले. म्हणून रन-अप पावलांनी न मोजता फितीने मोजावा आणि ओल्या व कोरड्या धावपट्टीसाठी वेगळी नोंद ठेवावी.

एक चूक कॅलेंडरची. बिडगोश्चला नीरज चोप्रा यांनी भाला फेकला तो २३ जुलै २०१६ रोजी. रिओ ऑलिंपिकचा पात्रता निकष ८३ मीटर होता, पण त्याची मुदत ११ जुलैला संपलेली होती, त्यामुळे विक्रमवीर घरी राहिला. पात्रतेची कामगिरी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या स्पर्धेत झालेली हवी, हे हंगाम सुरू होण्याआधी वाचून भिंतीवर लावावे.

साहित्याच्या चुका

वीस वर्षांखालील मुलांसाठी गोळा आणि हातोडा ६ किलोचा, थाळी १.७५० किलोची आणि भाला ८०० ग्रॅमचा असतो. मुलींना गोळा आणि हातोडा ४ किलोचा, थाळी १ किलोची आणि भाला ६०० ग्रॅमचा, म्हणजे मोठ्या स्त्रियांइतकाच. अठरा वर्षांखालील गटात मुलांचा गोळा ५ किलोचा आणि मुलींचा ३ किलोचा असतो. शाळेच्या कपाटात एकच गंजलेला गोळा असतो आणि सर्व वयाची मुले तोच फेकतात. वर्षानुवर्षे घासून त्याचे वजनही कमी झालेले असते, म्हणून तो किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदा ठेवून पाहावा. मी पाहिला तेव्हा आमच्या पाच किलोच्या गोळ्यात जवळपास दीडशे ग्रॅमची तूट निघाली.

अडथळ्यांविषयी मला जास्त लिहायचे आहे, कारण इथे मुलांच्या मनात भीती घातली जाते. गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पाइपचे अडथळे करून घेतले जातात, ते पक्के बसावेत म्हणून खालचे पाय दोन्ही बाजूंना काढले जातात, आणि वरची पट्टीही लोखंडीच असते. नियमाचा अडथळा असा असतो की वरच्या पट्टीच्या मध्यावर साधारण ३.६ ते ४ किलोचा जोर पडला की तो पुढे कलंडतो. त्याचे पाय धावणाऱ्याच्या बाजूलाच असतात. न पडणाऱ्या लोखंडावर गुडघा आपटलेली मुलगी पुढच्या वेळी अडथळ्यापूर्वी पाऊल आखडते, आणि ते आखडलेले पाऊल सिंथेटिक ट्रॅकवरही तसेच राहते. वेल्डरला पाय एकाच बाजूला काढायला सांगावे, वरची पट्टी लाकडी लावावी आणि उंची बदलण्यासाठी भोके पाडून घ्यावीत. वीस वर्षांखालील मुलांच्या ११० मीटर शर्यतीत उंची ९९.१ सेंटिमीटर आणि अठरा वर्षांखालील गटात ९१.४ सेंटिमीटर असते. मुलींच्या १०० मीटरला हे आकडे अनुक्रमे ८३.८ आणि ७६.२ आहेत.

बुटांच्या पिना अकरापेक्षा जास्त नसाव्यात. सिंथेटिक ट्रॅकवर त्यांची लांबी ९ मिलिमीटर, आणि उंच उडी व भालाफेकीसाठी १२ मिलिमीटर चालते. आपल्या लाल मातीत रुतणाऱ्या लांब पिना तशाच घालून मुले राज्य स्पर्धेला जातात आणि कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंची तपासणी होते तिथे, पान्यासाठी धावाधाव होते. ४ × १०० मीटर रिलेत बॅटन देण्याचा पट्टा आता ३० मीटरचा आहे. मैदानावर चुना अजून २० मीटरचाच पडतो.

नडगी दुखते तेव्हा

प्रशिक्षकाकडे सर्वाधिक येणारी तक्रार नडगीची असते. तिचे कारण बहुतेक वेळा एकच असते: आठवडाभर डांबरी रस्त्यावर सराव, आणि रविवारी जत्रेच्या किंवा जयंतीच्या निमित्ताने भरलेली दहा किलोमीटरची बक्षिसाची शर्यत. चौदा वर्षांच्या मुलाला पाचशे रुपयांसाठी दर रविवारी दुसऱ्या गावी पळवणाऱ्या मोठ्यांना थांबवणे हे पालकांचे काम आहे. बोटाने दाबून पाहावे. नडगीच्या कडेने लांबवर दुखत असेल तर विश्रांती, गवतावरचा सराव आणि नवे बूट यांनी बरे होते, पण एकाच बिंदूवर कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर हाडाला तडा असू शकतो, तेव्हा पळणे त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुलींची पाळी काही महिने थांबली असेल तर ‘सरावाने असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. खाणे कमी पडते आहे, हाडे कमकुवत होत आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो. हिमा दास लहानपणी मुलांबरोबर फुटबॉल खेळत होत्या. बाराव्या वर्षी एकाच प्रकाराला जुंपण्याची घाई नको.

इथूनच पुढची चूक सुरू होते. दुखणे दाबण्यासाठी स्पर्धेच्या आधी इंजेक्शन घेतले जाते किंवा सर्दीसाठी मेडिकल दुकानातून गोळ्यांची पट्टी आणली जाते. स्टेरॉइडचे ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातील इंजेक्शन स्पर्धेच्या काळात बंदीच्या यादीत आहे, आणि सर्दीच्या काही गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन ठराविक मर्यादेपलीकडे लघवीत आढळले तर ते उत्तेजक धरले जाते. २००० मध्ये सॅन्टियागो येथे याच ज्युनियर जागतिक स्पर्धेत सीमा अंतिल यांनी थाळीफेकीत जिंकलेले सुवर्णपदक स्यूडोएफेड्रिन आढळल्यामुळे परत घेण्यात आले होते. २००२ मध्ये किंग्स्टन येथे त्यांनी पुन्हा उतरून कांस्यपदक मिळवले. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही, कारण शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. जिममध्ये डब्यातून सुट्टी मिळणारी पावडर तर घेऊच नये. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण स्पर्धेत उतरतो हे आधी सांगावे, औषधाच्या पट्टीचा फोटो काढून ठेवावा, त्यातले घटक नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) ‘नो युवर मेडिसिन’ अॅपवर तपासावेत, आणि औषध टाळता येण्यासारखे नसेल तर उपचारासाठी सवलतीचा अर्ज डॉक्टरांच्या कागदांसह वेळेत पाठवावा. दम्याचा पंप वापरणाऱ्या मुलांनी स्वतःहून पंप बंद करू नये. कोणता पंप आणि दिवसाला किती फवारे, एवढे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि तो कागद जन्मदाखल्याच्या फाइलमध्येच ठेवावा.