झिजलेल्या पार्टवरून नवा पार्ट बनवताय? या चुका टाळा

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथ असलेल्या कुठल्याही छोट्या शॉपमध्ये थोडा वेळ उभे राहा, "जेवो छे एवो ज बनावी आपो" (जसा आहे तसाच बनवून द्या) हे वाक्य कानावर पडणारच. हातात तेलानं माखलेला शाफ्ट, तिकडे मशीन बंद आणि पार्ट हवा संध्याकाळपर्यंत. टर्नर व्हर्नियर लावतो, कागदाच्या कपट्यावर मापं टिपतो आणि दांडा चकमध्ये बांधतो. सगळ्यांत महागात पडणारी चूक नेमकी इथे होते. समोरचा पार्ट झिजलेला आहे. तो आहे तसाच उतरवला तर झीजही नव्या पार्टमध्ये उतरते.

झिजलेल्या जागेचं माप खरं धरू नका

पंपाचा शाफ्ट आलाय आणि बेअरिंगच्या जागी मायक्रोमीटर २४.९४ दाखवतोय, असं समजा. तो शाफ्ट २४.९४ चा कधीच नव्हता. सोबतच्या बेअरिंगवर ६२०५ कोरलंय, म्हणजे बोर २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. शाफ्ट फिरतो तिथे बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसली पाहिजे. त्यासाठी नेहमीचं फिट के६ (शाफ्टच्या मापाची ठरलेली हद्द), म्हणजे या मापाला २५.००२ ते २५.०१५. शाफ्ट २४.९४ चा केलात तर रिंग त्याच्यावर घसरत राहील, शाफ्ट आणखी खाईल, तापेल, आणि महिना-दोन महिन्यांत तोच माणूस तोच पार्ट घेऊन परत येईल.

अशा ढिल्या जागेवर पंचचे ठिपके मारून बेअरिंग बसवणारे खूप आहेत. कृपा करून हे करू नका. रिंग फक्त उठलेल्या टोकांवर टेकते, मशीन चाललं की ती टोकं चेपतात आणि ढिलाई परत येते.

मग खरं माप कुठे शोधायचं? जिथे काही घासलं नाही तिथे. कॉलरच्या आड, बेअरिंग आणि सीलच्या मधल्या पट्ट्यात, नाहीतर जोडीच्या पार्टमध्ये. म्हणून गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर सांगा, "भाई, नुसता शाफ्ट नको. बेअरिंग, पुली, कपलिंग, सील, सगळं घेऊन या." कीवे, म्हणजे चावीची खाच, ८.४ मिमी रुंद भरला तर तो मुळात ८ चा होता, कारण २५ च्या शाफ्टला चावी ८ बाय ७ ची लागते आणि शाफ्टमध्ये तिची खोली ४ मिमी. पुलीतला कीवेही पसरला असेल तर पुलीचंही काम करा. नव्या शाफ्टवर जुनी खुळखुळणारी पुली चढवलीत तर चावी पुन्हा कापली जाणारच.

तुटलेलं तोंड बघितल्याशिवाय चिप काढू नका

पार्ट का गेला हे तुटलेली जागाच सांगते. शाफ्टचं तोंड डिझेलनं धुवा आणि उजेडात धरा. बराचसा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा आणि एका बाजूला खडबडीत तुकडा असेल, तर तो शाफ्ट एका झटक्यात तुटलेला नाही. भेग बरेच दिवस वाढत होती. त्या रेषा ज्या बिंदूभोवती आहेत तिथून ती निघाली, आणि तो बिंदू बहुतेक वेळा शोल्डरच्या, म्हणजे शाफ्टचा व्यास बदलतो त्या पायरीच्या, कोपऱ्यात सापडतो. कोपरा काटकोनात, धारदार काढलेला असतो.

कोपऱ्यात गोलाई द्या, पण मनाला येईल तेवढी नाही. ६२०५ ला ती १ मिमीच्या वर गेली तर बेअरिंग शोल्डरला टेकत नाही, गोलाईवरच चढून बसतं. ०.८ नोझ रेडियसच्या (टोकाला ०.८ मिमी गोलाई असलेल्या) इन्सर्टनं कोपरा काढला की दोन्ही गोष्टी साधतात.

इथे गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "या वेळी कडक मटेरियल घाला." म्हणून कोणी ईएन ३१ चा शाफ्ट करून पूर्ण हार्ड करून देतं. ईएन ३१ बेअरिंगचं स्टील आहे. झिजेला ते उत्तम, पण वाकणं आणि झटके सोसायला नाही. भेगेनं तुटणाऱ्या शाफ्टला आधी गोलाई हवी, चांगलं फिनिश हवं, आणि बेल्टचा ताण व अलाइनमेंट तपासायला हवं. साध्या कामाला ईएन ८ पुरतं, जास्त भाराला ईएन १९ किंवा ईएन २४. ईएन २४ वर वेल्डिंगनं भर घालायची असेल तर आधी जॉब गरम करा आणि नंतर हळू थंड होऊ द्या, नाहीतर वेल्डच्या कडेला चीर जाते. बेअरिंग चढवलेल्या शाफ्टवर वेल्डिंग करूच नका. करंट बेअरिंगमधून गेला की गोळ्यांवर आणि रिंगवर डाग पडतात.

नंदेसरीच्या केमिकल प्लांटांकडून स्टेनलेसचे पार्ट येतात, त्यांची गोष्ट वेगळी. चुंबक चिकटला नाही म्हणून ३१६ ग्रेडचं स्टेनलेस असं ठरवू नका, ३०४ ग्रेडलाही तो चिकटत नाही. फरक मॉलिब्डेनमचा आहे. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं, आणि क्लोराइडच्या पाण्यात ३०४ ला खड्डे पडतात. मॉलिब्डेनम ओळखणारे थेंब मिळतात, शॉपमध्ये एक बाटली असू द्या.

आटे आणि गिअर: जवळपास बसतं म्हणजे बसत नाही

अर्ध्या इंचाच्या बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) या पाइपच्या आट्यांच्या दोन्ही प्रकारांना इंचात १४ आटे. म्हणून एकात दुसरं दोन-तीन फेरे सहज जातं आणि सगळ्यांना वाटतं जमलं. पण बीएसपीचा कोन ५५ अंश आणि एनपीटीचा ६०. प्रेशर आलं की गळती सुरू, मग त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळत बसायचं. अर्ध्या इंचाच्या बोल्टचंही तसंच, ब्रिटिश व्हिटवर्थला १२ आटे आणि अमेरिकन यूएनसीला १३. पिच गेज आट्यांत लावून मागे उजेड धरा. फट दिसली की गेज बदला.

गिअरमध्ये मॉड्यूल २.५ आणि १० डीपी (दातांचा आकार सांगायची मिमीतली आणि इंचातली पद्धत) यांची गल्लत नेहमी होते. ३० दातांचा गिअर मॉड्यूल २.५ चा असेल तर बाहेरचा व्यास ८०, १० डीपीचा असेल तर ८१.२८. दातांची टोकं झिजलेली असली की ८०.५ सारखं काहीतरी भरतं आणि माणूस फसतो. अशा वेळी जोडीचा गिअर मागवा आणि दोन शाफ्टमधलं सेंटर अंतर मोजा. दोन्ही गिअरच्या दातांची बेरीज गुणिले मॉड्यूल, भागिले दोन. हे अंतर जुळलं तरच कटर लावा.

गरम जॉब मोजू नका

बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, पण स्टीलचा मायक्रोमीटर आणि स्टीलचा जॉब दोन्ही तेवढेच तापलेले असतील तर काळजी नाही. घोटाळा होतो तो कटिंगनं तापलेल्या जॉबचा. ५० मिमीचा शाफ्ट ४० अंशांनी जास्त गरम असेल तर सुमारे २४ मायक्रॉन मोठा भरतो, आणि ५० ला के६ ची अख्खी हद्दच १६ मायक्रॉनची. शेवटच्या कटाआधी जॉब थंड होऊ द्या.

नायलॉन तर पाणी शोषून फुगतं. पाण्यातल्या बुशला क्लिअरन्स वाढवा किंवा एसिटल हे दुसरं प्लास्टिक वापरा. आणि बुश कुठल्याही धातूचा असो, प्रेस केल्यावर त्याचा बोर आवळतो, म्हणून शेवटचा बोर प्रेसनंतर काढा.

तीन जॉच्या चकमध्ये जॉब उलटा करून दुसरी बाजू काढली की दोन्ही बेअरिंगच्या जागा एका रेषेत राहत नाहीत. दोन्ही जागा सेंटरमध्ये धरून एकाच सेटिंगमध्ये फिनिश करा, आणि टोकांची सेंटर होल कापून टाकू नका. पुढच्या वेळी डायल लावायला तीच कामी येतात.

शॉपमध्ये बनवलेल्या हत्यारांबद्दल एवढंच: हातोडी खाणारा ड्रिफ्ट (पार्ट ठोकून काढायचा दांडा) हार्ड करून टेम्पर न करता, म्हणजे पुन्हा थोडा तापवून ठिसूळपणा न घालवता, वापरला तर त्याचा कपचा उडून डोळ्यात जातो. बेअरिंग ठोकायला माइल्ड स्टीलची नळी पुरते, आणि शाफ्टवर बेअरिंग चढवताना ती आतल्या रिंगवरच टेकवा.

ड्रॉइंगशिवाय पार्ट बाहेर जाऊ देऊ नका

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, आणि तिथे यंत्रकामाच्या जोडीला ड्रॉइंगही शिकवलं गेलं. त्याच शहरात आज शाफ्टची मापं बिलाच्या मागे लिहिली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हातानं काढलेलं का होईना, एक ड्रॉइंग हवंच. त्यावर मोजलेलं माप आणि बनवलेलं माप वेगवेगळं लिहा, बेअरिंगचा नंबर, मटेरियल, आट्यांचा प्रकार, तुटण्याचं कारण लिहा. ड्रॉइंगचा नंबर शाफ्टच्या टोकावर, भार नसलेल्या जागी पंच करा. जुना पार्ट मात्र नवा बसून मशीन नीट चालल्याचा फोन येईपर्यंत भंगारात टाकू नका.